खोटा फोटो, खरं गाव

'डीपफेक' हा शब्द आमच्या केळशीत अजून फारसा कुणी वापरत नाही. 'फोटो बनवला' किंवा 'मॉर्फिंग केलं' असं म्हणतात, आणि खरं तर तेवढं पुरतं. शब्द नवा असला तरी प्रकार ओळखीचा आहे. एखाद्या बाईचा चेहरा घ्यायचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी उघड्या देहाला जोडायचा आणि तो फिरवायचा. पूर्वी त्यासाठी फोटोशॉप येणारा माणूस लागायचा, आणि नीट पाहिलं तर मानेपाशी जोड दिसायचा. आता माणूस लागत नाही आणि जोडही दिसत नाही. एवढाच फरक. पण या 'एवढ्याच' फरकाने केवढी उलथापालथ केली आहे!

शब्द आला २०१७ च्या शेवटी, रेडिटवर त्या नावाने वावरणाऱ्या एका सदस्यामुळे. सुरुवात नट्यांपासून झाली. २०१९ मध्ये डीपट्रेस या कंपनीने इंटरनेटवर सापडलेले १४,६७८ डीपफेक व्हिडिओ मोजले, तर त्यातले ९६ टक्के संमतीविना केलेले अश्लील व्हिडिओ निघाले. डीपफेक म्हटलं की आपल्याला नेत्यांची बनावट भाषणं आठवतात, वर्तमानपत्रांतही चर्चा त्यांचीच असते. ती सगळी उरलेल्या ४ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, टेलिग्रामवरचा एक बॉट उघडकीला आला. बाईचा साधा, कपड्यातला फोटो टाकायचा, की तो तिचा नग्न फोटो 'करून' द्यायचा. एक लाखाहून जास्त स्त्रियांचे असे फोटो तेव्हा उघड वाटले गेले होते. त्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्या बातमीची दखल घेऊन केंद्र सरकारकडे विचारणा केली होती. म्हणजे हा विषय काल-परवाचा नाही. आणि तो फक्त नट्यांचा तर मुळीच नाही.

साधा फोटो कुठून मिळतो, हे सांगायला नकोच. महालक्ष्मीच्या चैत्रातल्या उत्सवात निम्मं गाव फोटो काढत असतं. याकूबबाबांच्या उरुसात काढतात, लग्नात काढतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात काढतात. मुंबईची मंडळी मे महिन्यात येतात, समुद्रावर जातात, तिथे काढतात. यातला कुठलाही एक फोटो पुरतो. 'मुलींनी फोटो टाकूच नयेत' असं म्हणणाऱ्या काकांना एवढंच विचारावंसं वाटतं, की तुमच्या पुतणीच्या हळदीचे फोटो टाकले कुणी? तिने की तुम्ही?

आता हा बनवलेला फोटो राहतो कुठे, ते पाहू. फेसबुक, इन्स्टाग्रामवर तो फार काळ टिकत नाही. तिथे निदान तपासणारी यंत्रणा आहे. म्हणून तो ठेवला जातो फायली ठेवायच्या जागी. गूगल ड्राइव्ह, मेगा, मीडियाफायर, टेराबॉक्स, टेलिग्रामची चॅनेलं, आणि ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत अशी कितीतरी ठिकाणं. या सेवा वाईट नाहीत. लग्नाचा अल्बम, सातबाऱ्याचं स्कॅन, मुलाचा प्रोजेक्ट आपणही तिथेच ठेवतो. पण त्यांची रचना अशी, की तिथे फलक नाही, दुकान नाही, शोधायची सोय नाही. फक्त एक लिंक. ज्याच्याकडे लिंक, त्याला दार उघडं. जिच्या नावाने ती फाइल आहे तिला ती कधी सापडणारच नाही, कारण तिला लिंक कुणी पाठवत नाही. गावातल्या बाकी सगळ्यांना पाठवतात.

आणि लिंक तिथून निघते ती वाडीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर. दोन तासांत मुंबई होऊन आखातात पोचते. ती फाइल परदेशातल्या हजार अनोळखी लोकांनी पाहिली, तर त्या मुलीला ते कळणारही नाही. गावातल्या ऐंशी ओळखीच्या माणसांनी पाहिली, की दुसऱ्या दिवशी किराणा आणायला जाणं अवघड होतं. नुकसान फाइल करते खरं, पण नुकसानीला पत्ता पुरवतो तो ओळखीचा माणूस.

हे मी तर्काने बोलत नाही. मे २०२२ मध्ये मुंबईत एका माणसाने आत्महत्या केली. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी त्याचे मॉर्फ केलेले अश्लील फोटो त्याच्या ओळखीच्यांना पाठवले होते. तो पुरुष होता, हेही लक्षात घ्या. त्या वर्षांत अशा ॲपवाल्यांची पद्धतच झाली होती. फोनमधले सगळे नंबर आधी उचलायचे, मग फोटो बनवायचा, मग एकेकाला पाठवायचा. त्यांना नेमकं ठाऊक होतं, की माणूस फोटोने मोडत नाही, फोटो कुणाकुणाच्या फोनवर गेला या यादीने मोडतो.

मुंबईचंच दुसरं उदाहरण जानेवारी २०२२ चं. गिटहब ही खरं तर प्रोग्रामरांनी आपलं काम ठेवायची आणि वाटून घ्यायची जागा. वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिथे 'बुल्ली बाई' नावाचं एक ॲप दिसलं. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा शंभराहून अधिक मुसलमान स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. हे डीपफेक नव्हतं. फोटो खरेच होते. पण अपमान तोच, आणि हत्यारही तेच: बाईचा चेहरा, तिची परवानगी नसताना. मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि चार-पाच दिवसांत अटका झाल्या. पकडलेले कोण होते? विशीच्या आसपासची शिकणारी मुलं. एक मुलगीसुद्धा.

खरी शिकवण आहे ती त्याआधीच्या सहा महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये याच गिटहबवर 'सुल्ली डील्स' नावाचा हाच प्रकार झाला होता. बायकांनी तक्रारी केल्या, गिटहबने पान काढून टाकलं, दिल्लीत गुन्हाही नोंदला गेला. आणि मग सगळं शांत. सहा महिने एकही अटक नाही. पान गेलं म्हणजे प्रश्न गेला असं सगळ्यांनी धरलं. करणाऱ्यांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. मुंबईत अटका झाल्यावर मग जानेवारी २०२२ मध्ये जुन्या प्रकरणातलाही माणूस इंदूरहून पकडला गेला. म्हणजे 'रिपोर्ट'चं बटण दाबणं आणि पोलिसांत जाणं ही एकाला दुसरा पर्याय असलेली कामं नव्हेत. पहिलं केर काढतं, दुसरं केर टाकणाऱ्याला गाठतं.

बरं, कायदा काय म्हणतो? इथे मला एक गोष्ट कळली आणि ती सगळ्यांना सांगण्यासारखी वाटली, म्हणून हा लेख.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०२१ साली नियम झाले. त्यात असं आहे, की एखाद्या व्यक्तीचं नग्न किंवा लैंगिक चित्रण असलेल्या मजकुराबद्दल तक्रार आली, तर सेवा देणाऱ्या कंपनीने तो २४ तासांत हटवायचा. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले आणि ही मुदत २ तासांवर आली. त्याच वाक्यात 'कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमा' हेही शब्द आहेत, आणि ते २०२१ पासूनच आहेत. म्हणजे नियम खऱ्या आणि बनावट फोटोंना एकाच दमात घेतो. आणि तक्रार कुणी करायची? ती व्यक्ती स्वतः, 'किंवा तिच्या वतीने कोणीही'.

तिच्या वतीने कोणीही! हे तीन शब्द मला त्या सगळ्या नियमावलीतले सर्वांत माणुसकीचे वाटतात. कारण या तक्रारीतला सर्वांत क्रूर भाग कोणता, तर ती जिच्यावर बेतलं तिलाच करावी लागते. तिनेच शोधायचं, तिनेच ते उघडून बघायचं, लिंका गोळा करायच्या, एकेका कंपनीच्या इंग्रजी फॉर्मात 'हा देह माझा नाही, चेहरा माझा आहे' असं लिहायचं, आणि आठवड्याने दुसऱ्या जागी तीच फाइल वर आली की पुन्हा पहिल्यापासून. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ च्या एका निकालात नेमकं हेच म्हटलं: शोधयंत्रांनी पीडित बाईला दर वेळी नव्या लिंका घेऊन यायला लावू नये, एकदा हटवलेलं पुन्हा दिसणार नाही यासाठी तंत्र वापरावं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एका वकील स्त्रीने दाद मागितली होती. तिचीही चित्रफीत पुनःपुन्हा वर येत होती. त्यातूनच त्या नोव्हेंबरात केंद्राच्या मंत्रालयाने तक्रारीची पद्धत ठरवून दिली. कायदा जाणणाऱ्या बाईला उच्च न्यायालय गाठावं लागलं, तर केळशीच्या मुलीने काय करायचं?

तिने काय करायचं, यापेक्षा आपण काय करायचं ते आधी बघू. लिंक तुमच्या फोनवर आली आहे, असं समजा. पुढे पाठवायची नाही, हे सांगायला हवं का? हवं. 'बघा, बिचारीचं काय केलंय' असं लिहून पाठवलेली लिंकही लिंकच असते. फाइल उतरवून घ्यायची नाही. त्यात अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर ती पाहणं, जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे फार कडक शब्दांत सांगितलं आहे. लिंक मात्र पूर्ण उतरवून ठेवायची, शेवटच्या अक्षरापर्यंत. मेगासारख्या ठिकाणी फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली लिंकच्या शेपटातच असते. अर्धी लिंक दिली तर कंपनीला आत काय आहे ते बघताच येत नाही, आणि तक्रार वाया जाते. कुठल्या ग्रुपवर, कुठल्या नंबरवरून, किती वाजता आली, तेही लिहून ठेवायचं. ग्रुपमधल्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढायचा.

मग त्या सेवेच्या तक्रारीच्या जागी जायचं. 'संमतीविना', 'बनावट', 'लैंगिक' हे तिन्ही मुद्दे स्पष्ट लिहायचे. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी पोर्टल. अशा मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. १९३० हा नंबर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे मुलगी शिकायला पुण्याला असेल तर पुण्यात, घरचे गावी असतील तर दापोलीत. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर आता चालत नाही. केळशी जिल्ह्याच्या उत्तर भागात. रत्नागिरी गाठायचं तर जाण्यायेण्यात दिवस जातो. म्हणून हे माहीत असणं आमच्यासारख्यांना जास्त महत्त्वाचं.

जिच्यावर बेतलं आहे तिच्यासाठी आणखी एक सोय आहे, ती मला फार पटली. स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी, डिसेंबर २०२१ पासून सुरू असलेली. तिथे फोटो पाठवायचा नसतो. फोटो आपल्याच फोनवर राहतो. त्याच्यापासून एक आकडा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सामील कंपन्यांकडे जातो. तसा फोटो तिथे कुणी चढवू लागला की तो ओळखला जातो. बनावट फोटोही चालतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी अशीच 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. अर्थात मर्यादा आहे. फायली ठेवायच्या सगळ्या सेवा यात नाहीत, आणि फाइल पासवर्ड लावून झिप केली की ठसा जुळत नाही. म्हणून यंत्रावर सगळं सोडता येत नाही. लिंक ज्याच्या हातात पडली, तो माणूस लागतोच.

आता मूळ मुद्दा. असं काही झालं की घरचे लोक, मैत्रिणी, शिक्षक सगळे जीव तोडून एकच सांगत असतात: 'अहो, तो फोटो खोटा आहे!' ते खरंच असतं, आणि सांगितलंही पाहिजे. पण त्यावर सगळी भिस्त ठेवली की एक घोळ होतो. समजा फोटो खरा असता तर? नवऱ्याने काढलेला, होणाऱ्या नवऱ्याने काढलेला, तिने स्वतः एका माणसावर विश्वास टाकून पाठवलेला? मग तो वाडीच्या ग्रुपवर फिरवणं योग्य ठरलं असतं का? 'खोटा आहे' एवढाच बचाव आपण धरला तर खऱ्या फोटोतल्या बाईला आपण वाऱ्यावर सोडून दिलं. शिवाय खोट्या फोटोतल्या बाईवर सिद्ध करायची जबाबदारी टाकली. म्हणजे तिने आता गावाला काय दाखवायचं?

कायद्याचाही इथे थोडा गोंधळ आहे. संमतीविना खासगी अंगाचं चित्र टिपणं, प्रसिद्ध करणं हा कलम ६६-ई प्रमाणे गुन्हा. पण बनावट फोटोतलं अंग तिचं नसतंच! मग उरतात ६७ आणि ६७-ए, अश्लीलतेची कलमं. ती लागतात, शिक्षाही मोठी आहे. पण त्यांचा प्रश्न असतो 'हे अश्लील आहे का?' हा. 'तिला विचारलं होतं का?' हा प्रश्न त्यांच्यात नाही. नियमांनी खरं-खोटं एकत्र धरून तो प्रश्न निदान वाटेत आणला आहे. कायद्यात तो ठळक यायला हवा, असं माझं मत.

आणि गावात तर यायलाच हवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, की तुझं झाड का पडलं, तू ते रस्त्याच्या कडेला लावलंस कशाला. कारण वादळ कुणी ओढवून आणत नाही हे आपल्याला कळतं. फोटोच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तिलाच: कुठे टाकला होतास? कुणाशी बोलत होतीस? वर 'आता चार दिवस मोबाइल बंद ठेव', म्हणजे जी मुलगी अडचणीत तिचाच फोन काढून घ्यायचा, आणि ज्याने लिंक फिरवली त्याचा चालू. हे कळत असूनही आपण करतो, कारण तिला बोलणं सोपं असतं. ग्रुपवर 'हे इथे कुणी टाकलं? आत्ताच्या आत्ता काढा, मी तक्रार केली आहे' असं लिहिणं अवघड असतं. टाकणारा बहुतेक वेळा आपलाच कुणी तरी असतो ना! चुलतभाऊ असतो, शेजारचा असतो, मंडळाचा कार्यकर्ता असतो.

कुणी म्हणेल, दोन तासांत हटवायचं म्हटलं तर कंपन्या न बघताच काहीही उडवतील, आणि उद्या सरकारला न आवडणारं लिखाणही याच वाटेने जाईल. ही भीती खोटी नाही. त्याच २०२६ च्या बदलात सरकारी किंवा न्यायालयीन आदेश आल्यावर मजकूर काढायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली आहे, आणि त्यावर ओरड झाली ती मला रास्त वाटते. पण हे दोन दरवाजे वेगळे आहेत. एकातून सरकार आत येतं, दुसऱ्यातून बाई. सरकारच्या दाराला कुलूप हवं असेल तर जरूर लावा. बाईचं दार त्यासाठी बंद करू नका. चुकून एखादी फाइल गेली तर ती पुन्हा चढवता येते. तिचं गेलेलं परत चढवायला कुठली सेवा आहे?

अमेरिकेतही मे २०२५ मध्ये असाच कायदा झाला, ४८ तासांत हटवण्याचा, बनावट चित्रणासकट. फायली ठेवायच्या बऱ्याच सेवा तिकडच्याच, त्यामुळे त्याचा उपयोग आपल्यालाही होईल. होवो बापडा. पण वॉशिंग्टनच्या कायद्याला आणि दिल्लीच्या नियमाला आमच्या वाडीच्या ग्रुपचा ॲडमिन कोण ते ठाऊक नाही. ते आपल्याला ठाऊक आहे.

असो. या चैत्रात फोटो निघतील तेव्हा निघू देत, भरपूर निघू देत. मुलींनी नटावं, हसावं, फोटो टाकावेत. फक्त एक सांगणं आहे, गावातल्या आणि मुंबईतल्या सगळ्या मंडळींना. अशी लिंक आली तर 'ही खरंच तीच आहे का?' हे बघायला ती उघडू नका. तिला विचारलं नव्हतं, एवढं आपल्याला न उघडताही माहीत असतं. पूर्ण लिंक उतरवून घ्या आणि तक्रार करा. तिला सांगायचं असेल तर घरातल्या एखाद्या मावशीला, वहिनीला पाठवून नीट सांगा. आणि सांगताना 'तक्रार केली आहे' हे वाक्य आधी येऊ द्या, बाकीचं नंतर.